१०८ ची गाडी आणि हार्ट ॲटॅकचा पेशंट: तालुक्यापासून कॅथ लॅबपर्यंतच्या सेवेचं परीक्षण

१०८ ची सेवा राज्यात २०१४ पासून आहे. सुरुवातीचा ताफा ९३७ गाड्यांचा होता. त्यातल्या २३३ ‘एएलएस’, म्हणजे व्हेंटिलेटर आणि शॉक देण्याचं यंत्र असलेल्या, आणि बाकी ७०४ ‘बीएलएस’, म्हणजे प्राथमिक सोयींच्या. पैसे लागत नाहीत आणि गाडीत ड्रायव्हरसोबत डॉक्टर असतो. पुष्कळ राज्यांत डॉक्टरच्या जागी टेक्निशियन येतो, त्यामुळे ही मोठी जमेची बाजू. अपघात, बाळंतपण, सर्पदंश यांचा विचार इथे केलेला नाही. विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयात ॲटॅकचं निदान झालेला पेशंट कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी (बंद वाहिनी फुग्याने उघडणं) होते तिथे, वेळेत पोचतो का, एवढंच तपासलं आहे.

उत्तर असं: रस्त्यावर सेवा चांगली, पाचपैकी चार. दवाखान्याच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंतचा कारभार पाचपैकी दोन, आणि त्यातला मोठा दोष गाडीचा नाहीच.

आधी हिशोब मांडू. ईसीजीत एसटी (रेघेचा एक भाग) वर उचललेली दिसली, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद झाली, असं धरून चालायचं. छातीत दुखणारा माणूस दारात आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. निदान झाल्यापासून १२० मिनिटांत फुगा वाहिनीत पोचणार असेल तर थेट अँजिओप्लास्टी, नाहीतर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी आणि प्रवास नंतर. हिंगणघाटहून सावंगी-सेवाग्राम पट्टा (वर्ध्याजवळची मोठी रुग्णालयं) साधारण ४० किलोमीटर. पहिल्या दवाखान्यात ३० मिनिटं, रस्त्यावर तासभर, कॅथ लॅबमध्ये अर्धा तास: जमतं, पण जेमतेम. गडचिरोलीहून नागपूर १७० किलोमीटरच्या आसपास. धारणीहून अमरावतीला यायचं तर मेळघाटातला घाट उतरावा लागतो. तिथे १२० मिनिटांचं गणित कागदावरही बसत नाही. भामरागड, सिरोंचा, एटापल्ली या गडचिरोलीतल्या दूरच्या तालुक्यांचं तर नावच काढू नका. म्हणजे विदर्भातल्या बहुतेक तालुक्यांत ‘लवकर पाठवा’ याचा खरा अर्थ ‘इंजेक्शन द्या आणि मग लगेच पाठवा’ असा होतो. ‘नागपूरला गेल्यावर पाहतील’ असं म्हणून इंजेक्शन न देता तीन तासांच्या प्रवासाला लावणं ही सगळ्यात महाग चूक. या तीन तासांत हृदयाचा जो स्नायू मरतो, तो नंतर कितीही महागडा स्टेंट टाकला तरी परत येत नाही.

टेनेक्टेप्लेज, बोलीभाषेत टीएनके, हे गुठळी विरघळवण्याचं औषध. डोस वजनावर: ६० किलोच्या आत ३० मिलिग्रॅम, ६० ते ६९ ला ३५, ७० ते ७९ ला ४०, ८० ते ८९ ला ४५, ९० आणि वर ५०. पंचाहत्तरीच्या पुढे निम्मा. पावडरमध्ये पाणी सोडल्यावर बाटली हलवायची नाही, हळू फिरवायची, नाहीतर फेस होतो आणि डोस कमी भरतो. सलाइनच्या नळीत डेक्स्ट्रोज चालू असेल तर आधी नळी साध्या सलाइनने धुवायची, दोन्ही एकत्र आले की औषध नासतं. मग ५ ते १० सेकंदांत एकाच दमात. सोबत ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून, क्लोपिडोग्रेल ३०० (पंचाहत्तरीच्या पुढे ७५) आणि एनॉक्सापॅरिन, ही रक्त पुन्हा गोठू नये म्हणून. टीएनके नसेल तर स्ट्रेप्टोकायनेज १५ लाख युनिट ३० ते ६० मिनिटांत. त्याने बीपी खाली येतं, म्हणून अर्धवट चालू असताना पेशंट गाडीत घालू नये. इंजेक्शनआधी विचारायचंच ते असं (होकार आला तर ते धोक्याचं ठरू शकतं): डोक्यात कधी रक्तस्राव झाला का, गेल्या तीन महिन्यांत लकवा मारला का, कुठून रक्त जातंय का, बीपी १८०/११० च्या वर आहे का, दुखणं पाठीत फाडल्यासारखं जातंय का.

इंजेक्शननंतर ‘पाहू फरक पडतो का’ म्हणून वॉर्डात ठेवू नये. ६० ते ९० मिनिटांनी पुन्हा ईसीजी काढायचा. उचललेली एसटी निम्म्यानेही खाली आली नसेल तर औषध लागू पडलं नाही, आणि तेव्हा पेशंट कॅथ लॅबच्या जवळ असला पाहिजे, तालुक्यात नाही. लागू पडलं तरी २ ते २४ तासांत अँजिओग्राफी लागतेच. म्हणून १०८ ला फोन ईसीजी पाहिल्याबरोबर करायचा, इंजेक्शनची तयारी चालू असतानाच. नेमकं इथेच उलटं होतं. आधी औषध, मग रेफर चिठ्ठी, मग नातेवाइकांशी बोलणं, मग फोन. गाडी दुसऱ्या कॉलवर असेल तर तिथून पुढे वाट पाहणं आलंच.

नातेवाइकांकडूनही वेळ जातो. ‘काल सावजी खाल्लं, गॅस असेल’ म्हणून सोडा पाजणं, तालुक्याच्या खासगी डॉक्टरकडे एक फेरी, मग मोठ्या भावाला फोन, मग जावयाला. माणसं घाबरलेली असतात, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. ‘नळी बंद आहे, दर मिनिटाला हृदय थोडं मरतंय, गाडी येतेय, कागद सोबत घ्या’ एवढ्या चार वाक्यांत सांगणारा डॉक्टर अर्धा तास वाचवतो.

ईसीजीच्या फोटोचं वेगळं सांगायला हवं. महाराष्ट्रात ग्रामीण रुग्णालयातला ईसीजी दूरच्या हृदयरोगतज्ज्ञाकडून वाचून घेण्याची सोय सरकारी कार्यक्रमातून अनेक ठिकाणी झाली आहे, आणि ती या साखळीतली सर्वांत कामाची कडी आहे. पण फोटो नीट नसेल तर तीही लंगडते. पट्टी सपाट ठेवून, ट्यूबलाइटची चकाकी टाळून, २५ मिलिमीटर प्रतिसेकंद हा वेग दिसेल असा फोटो हवा. जेल कमी असेल किंवा पेशंट घामाघूम असेल तर रेघ नाचते, आधी छाती पुसून घ्या. खालच्या भिंतीचा ॲटॅक दिसला तर उजव्या बाजूची व्ही-४-आर लीड काढा. हृदयाची उजवी बाजूही ॲटॅकमध्ये सापडली असेल तर जिभेखाली सॉर्बिट्रेट (वाहिन्या सैलावणारी गोळी) देऊ नये, बीपी कोसळतं. आणि मूळ पट्टीवर विसंबून राहू नका. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेला थर्मल कागद काळा पडतो.

आता हातांबद्दल. सलाइनची सुई डाव्या हाताला लावा. उजवं मनगट मोकळं ठेवा, अँजिओप्लास्टी बहुधा तिथूनच होते. टीएनके दिलेल्या, किंवा देण्याची शक्यता असलेल्या पेशंटला दुखणं थांबवायचं इंजेक्शन कमरेत देऊ नये. गावोगावी सर्रास देतात, आणि पुढे तिथे रक्ताची भलीमोठी गाठ धरते.

गाडीत शक्यतो एएलएसच मागा, कारण पहिल्या काही तासांत हृदयाची लय बिघडून पेशंट अचानक जातो आणि तेव्हा शॉकशिवाय दुसरं काही चालत नाही. गाडी आल्यावर मॉनिटर लावून, शॉक मशीनची बॅटरी पाहून निघा, हे एक मिनिटाचं काम आहे. ऑक्सिजन सरसकट लागत नाही, रक्तातलं प्रमाण ९० टक्क्यांखाली असेल तरच. लागणार असेल तर हिशोब करा: बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर, मिनिटाला १० लिटरने चालवला तर अडीच तास. गडचिरोली ते नागपूरला तेवढा पुरणार नाही. दवाखान्याची १०२ ची गाडी बाळंतिणींसाठी असते. तिच्यात पेशंट घालणं हा नाइलाज, पर्याय नाही. इंजेक्शननंतर मॉनिटरवर काही मिनिटं विचित्र रुंद ठोके दिसतात. बीपी ठीक असेल तर घाबरू नका, वाहिनी उघडल्याचीही ती खूण असते.

पोचल्यावरचा वेळ फोनवर अवलंबून आहे. निघतानाच ईसीजी, दुखणं सुरू झाल्याची वेळ, इंजेक्शनची वेळ आणि डोस, वजन, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) पुढे कळवलं तर पेशंट कॅज्युअल्टीला न थांबता थेट कॅथ लॅबमध्ये जाऊ शकतो. ‘आधी बेड आहे का विचारतो’ असं म्हणत तीन दवाखाने फिरवणं म्हणजे पहिल्या अर्ध्या तासात कमावलेलं सगळं घालवणं. फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. तातडीच्या पेशंटची मंजुरी फोनवर कळवून सुरू करता येते, तेव्हा रेशनकार्ड घरी राहिलं म्हणून गाडी परत फिरवू नये. पण दवाखाना योजनेतला आहे ना, हे निघण्याआधी विचाराच.

रस्त्यांचं पाहिलं तर वर्धा, धामणगाव, कारंजा, मेहकर या पट्ट्याला समृद्धी महामार्गाने फायदा झाला आहे, अट एवढीच की इंटरचेंज गावापासून लांब नको. पूर्वेकडे तसं काही नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, म्हणून जूनच्या आधीच तिथल्या दवाखान्यात टीएनके भरून ठेवणं हाच उपाय, गाडीचा काही उपयोग नाही.

परतीला १०८ मिळत नाही. फुले योजनेत एसटी बसचं परतीचं भाडं देण्याची तरतूद आहे, फक्त डिस्चार्जच्या दिवशी आरोग्यमित्राकडे (योजनेचा दवाखान्यातला माणूस) मागावं लागतं.