भंगारात दिलेली सायकल नव्या रंगात परत येते तेव्हा

मॅट काळा रंग, चकचकीत साखळी, नव्या ग्रिपा, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. 'दोन वर्षं वापरली, जास्त करून बाल्कनीतच उभी असते' असं सांगून ९,५०० रुपयांना विकलेली गिअरची सायकल आठवड्याच्या आत दुरुस्तीला येते. तक्रार एकच: चढावर पेडलवर जोर दिला की मागून कट्‌कट् वाजतं. स्टँडला टांगून डावा क्रँक, म्हणजे पेडल धरणारा दांडा, फिरवला की कारागीर थांबतो. पेडल बसतं त्या भोकात स्टीलचा पातळ बुश, म्हणजे आट्यांची नळी, आहे, आणि तो त्यानेच बसवलेला आहे. हीच सायकल वर्षभरापूर्वी मागची नळी तडकली म्हणून 'आता चालवू नका' असं सांगून परत पाठवलेली होती. तिच्या मालकाने ती भंगारवाल्याला दिली. मधल्या काळात तिला रंग लागला आणि किंमत चढली. विकणाऱ्याचा फोन आता बंद आहे.

हा प्रकार अपवादातला नाही. मोडकी फ्रेम रंगवून विकणं हा सेकंडहँड सायकलींच्या धंद्यातला जुनाच हातखंडा आहे. फोनवर जाहिरात टाकून विकण्याची सोय झाल्यापासून तो सोपा झाला, इतकंच.

आधी त्या बुशाबद्दल. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, म्हणजे ते घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने घट्ट होतं. हे माहीत नसलेला माणूस पाना उलटा लावून जोर करतो आणि ॲल्युमिनियमच्या क्रँकमधले आटे सोलून काढतो. मग भोक मोठं करून त्यात बाहेरून-आतून आटे असलेला बुश बसवतात. आतले आटे पेडलचे, ९/१६ इंच व्यासाचे, इंचाला २०. हे काम पक्कं होतं, त्यात काही वाईट नाही. मुद्दा असा की रंगवणारा क्रँकला हात लावत नाही. तो फक्त फ्रेम रंगवतो. म्हणून जुन्या सायकलीची ओळख फ्रेमवर शोधू नये, फवारा जिथे पोचत नाही तिथे शोधावी.

सगळ्यात सोपी जागा सीटखाली आहे. सीटची दांडी पूर्ण उपसून काढा. बहुतेक वेळा एक क्विक रिलीज, म्हणजे हाताने उघडायची कळ, सोडवावी लागते, नाहीतर ५ मिलिमीटरची ॲलन की. नळीच्या आत टॉर्च मारा. काळ्या सायकलीच्या आत लाल नाहीतर पांढरा रंग दिसला की बोलणं तिथेच संपतं. दांडी निघतच नसेल तर तेही लक्षण आहे: वर्षानुवर्षं ग्रीस न लागलेली दांडी ॲल्युमिनियमच्या नळीत गंजून धरते आणि ती काढताना फ्रेम जायबंदी होऊ शकते. असली सायकल फुकट मिळाली तरी विचार करून घ्यावी. रंग उघडा पडण्याच्या आणखी जागा म्हणजे हेडच्या (हँडल फिरतं त्या पुढच्या उभ्या नळीच्या) कपांची कड, बाटलीच्या स्टँडच्या स्क्रूचे आटे आणि बीबीखाली, म्हणजे पेडलचा आस बसतो त्या नळीखाली, केबल जाते ती प्लॅस्टिकची पट्टी. पट्टीवरच रंगाचा थर असेल तर रंग कारखान्याबाहेर लागलाय हे नक्की.

आता मूळ घात. पेडलच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत जाणाऱ्या नळीला चेनस्टे म्हणतात. प्रत्येक पेडलला ती थोडी वाकते आणि सरळ होते. ॲल्युमिनियमला हे अमर्याद काळ सोसत नाही, म्हणून वेल्डिंगच्या कडेला केसासारखी चीर पडते. फ्रेमला बहुतेक वेळा ६०६१ या मिश्रधातूच्या नळ्या असतात आणि त्यांची ताकद उष्णतेच्या संस्कारातून आलेली असते. ग्रिल-गेटच्या दुकानात आर्गन वेल्डिंग मारून चीर बुजवली की सांध्याच्या आजूबाजूची पट्टी मऊ पडते, ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. ती परत आणायची तर आख्खी फ्रेम साधारण ५३० अंशांपर्यंत तापवून पाण्यात थंड करायची आणि मग १७५ अंशांच्या आसपास काही तास भट्टीत ठेवायची. ग्रिलवाल्याकडे अशी भट्टी नसते. त्यामुळे वेल्डिंग छान दिसतं आणि त्याच्या शेजारी, अर्धा सेंटीमीटर पलीकडे, नवी चीर सुरू होते. कट्‌कट् आवाज तिचाच. लोखंडी फ्रेमची गोष्ट वेगळी. ती पितळ लावून जोडली तर वर्षानुवर्षं चालते. जुन्या काळ्या दुधाच्या सायकली अशाच जोडत जोडत वापरल्या जायच्या, आणि जोड कोणी लपवत नसे.

लपवण्यासाठी वेल्डिंग घासतात, वर गाड्यांना मारतात ती लांबी (पुट्टी) भरतात आणि रंग फवारतात. ओळखायचं कसं? सायकल उलटी करा, चेनस्टेच्या दोन्ही नळ्यांवरून एकाच वेळी दोन्ही हातांची बोटं फिरवा. कारखान्याचं वेल्डिंग दोन्ही बाजूंना सारखं असतं, माशाच्या खवल्यांसारखं किंवा दोन्हीकडे गुळगुळीत. एकीकडे खवले आणि दुसरीकडे गुळगुळीत, हे कारखान्यात होत नाही. नाण्याने टकटक करा. लांबीवर आवाज बद्द येतो, धातूवर खणखणीत. लोहचुंबक फक्त लोखंडी फ्रेमला उपयोगी: लांबीच्या थरावर तो धरत नाही. ॲल्युमिनियमला तो तसाही चिकटत नाही, तेव्हा 'चुंबक लावून तपासली' असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

समोरून धडकलेली सायकल वेगळ्या ठिकाणी उघडी पडते. हेडच्या मागे, खालच्या तिरक्या नळीच्या पोटाखाली, सुरकुती किंवा फुगवटा असतो. डोळ्यांना दिसला नाही तरी अंगठ्याला लागतो. फ्रेम वाकलीय का हे दोऱ्याने कळतं. मागच्या चाकाच्या आसाच्या एका बाजूला दोरा बांधा, पुढे हेडला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आणून ताणून बांधा. सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजा. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर चाक सरळ चालणार नाही, आऊट (रिमचा डगमग) कितीही काढा.

'दोन वर्षांची' हा दावा तपासायलाही जागा आहे. शिमानोच्या बऱ्याच भागांवर, विशेषतः क्रँकच्या मागच्या अंगाला, दोन इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात. पहिलं वर्षाचं, दुसरं महिन्याचं. २००२ ला 'ए' धरून पुढे मोजत जायचं, म्हणजे 'एल' आलं तर २०१३. महिना 'ए' जानेवारी ते 'एल' डिसेंबर. एकटा क्रँक पुरावा होत नाही, कारण तो बदललेला असू शकतो. मागचं डिरेलर (गिअर बदलणारा भाग), हब (चाकाचा मधला भाग) आणि ब्रेक यांच्यावरही त्याच वर्षाचं अक्षर असेल तर सायकलीचं वय विकणाऱ्याला विचारायची गरज उरत नाही.

नवी साखळी बघून भुलू नका. तीच सगळ्यात स्वस्त सजावट असते. झिजलेल्या दात्यांवर नवी साखळी बसत नाही. जोर दिला की छोट्या दात्यांवर उडी मारते. म्हणून चालवून बघताना सपाट रस्त्यावर नको, थोड्या चढावर, मागच्या तीन छोट्या चकत्यांवर, बसूनच जोर द्या. उभं राहून नको, साखळी उडाली तर गुडघा फुटतो. साखळी जुनीच असेल तर स्टीलची पट्टी लावा: एक पिन शून्यावर धरून पुढच्या चोविसाव्या पिनेपर्यंत नवी साखळी बरोबर १२ इंच भरते. १/१६ इंच वाढली तर साखळी बदलायची, १/८ वाढली तर बहुधा चकत्यासुद्धा गेल्या. चाकाचे छर्रे मात्र आवाजावरून कळत नाहीत, कारण विकण्याआधी हबमध्ये ग्रीस कोंबलेलं असतं आणि ते महिनाभर आवाज दाबून धरतं. चाक काढा, आस दोन बोटांत धरून अगदी हळू फिरवा. वाळू लागल्यासारखी जाणवली तर कोनला, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात त्या भागाला, खड्डे पडलेले आहेत. 'नुकतीच ओव्हरऑईल (ओव्हरहॉल) केलीय' याचा अर्थ कित्येकदा एवढाच असतो.

फ्रेम नंबर बहुतेक वेळा बीबीखाली ठोकलेला असतो. पैसे देण्याआधी त्याचा फोटो घ्या. रंगाने भरला असेल तर थिनरचा बोळा फिरवा, उमटतो. ग्राइंडरने घासलेला असेल तर सायकल चोरीची आहे असंच समजा. चोरीचा माल विकत घेतल्याने मालकी मिळत नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम २७ हेच सांगतं. आणि माहीत असून घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. म्हणून साध्या कागदावर विकणाऱ्याचं नाव, पत्ता, नंबर, तारीख, रक्कम आणि सही, सोबत ओळखपत्राची प्रत. जो चहाच्या टपरीवर, अंधार पडल्यावरच सायकल दाखवतो आणि 'दुसरं गिऱ्हाईक निघालंय, टोकन पाठवा' म्हणतो, तो हे करत नाही. पाठवलेलं टोकन बुडालं तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

उलट बाजूने, रस्त्यात स्वतःची चोरीला गेलेली सायकल दिसली तर ती ओढून घेऊ नका. आत्ताचा चालवणारा बहुधा फसलेला गिऱ्हाईकच असतो. ११२ ला फोन करा, नंबर दाखवा, बिल आणि एफआयआरची प्रत पुढे करा. सायकल मुद्देमाल म्हणून जमा होते आणि कोर्टाच्या आदेशाने सुपूर्तनाम्यावर, म्हणजे ताब्यात घेतल्याचं लिहून देऊन, परत मिळते. नंबर घासला असला तर खुणा कामी येतात. हँडलच्या नळीत ग्रिपच्या आत नाव-फोन लिहिलेली कागदाची गुंडाळी ठेवायची जुनी युक्ती यासाठीच आहे. बुश, वेगळ्या रंगाचं निपल (आरी रिमला धरणारं नट), हँडलच्या क्लॅम्पमध्ये घातलेली पत्र्याची पट्टी, अशी प्रत्येक दुरुस्ती दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्या.

आणि तडकलेली फ्रेम भंगारात द्यायची असेल तर आधी हॅकसॉने खालची तिरकी नळी आरपार कापा. ॲल्युमिनियमला पाच मिनिटं लागतात. भंगारवाला पैसे वजनावर देतो, कापल्याने वजन घटत नाही.