जुनं स्टेशन घर म्हणून विकून राहिले, नागपूरकरांनो पैसे देण्याआधी हे वाचा

नागपूर-नागभीड छोटी लाइन २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली तेव्हापासून तिच्यावरच्या जुन्या स्टेशनांवर दलालांचा डोळा आहे. बंगाल नागपूर रेल्वेच्या काळातलं बांधकाम, जाड भिंती, कवेलूचं छप्पर, सागवानी दारं, तिकीट खिडकी अजून जशीच्या तशी, अन् मोतीबागचं नॅरोगेज म्युझियम पाहिलेल्या माणसाला असल्या इमारतीचं वेड लागायला वेळ लागत नाही. मला लागलं. रिटायर झाल्यावर उमरेडच्या बाजूला राहायचं ठरलंच होतं.

दलाल ओळखीतूनच आला, बोलायला एकदम गोड, भाऊ-भाऊ करणारा. म्हणे मी रेल्वेच्या लिलावात ही बिल्डिंग घेतली, तुम्हाला जशी आहे तशी देतो, जागेचं ९९ वर्षांचं लीज मागून होते, हेरिटेजची परवानगीही मीच आणून देतो. आता लोक विचारतात की कागद पाहिले नाहीत का. पाहिले ना राजेहो! कागद खरा होता, तीच तर गंमत आहे. रेल्वेचा लिलाव खरा, लॉट नंबर खरा, पैसे भरल्याची पावती खरी, स्टेशनचं नावही बरोबर. फक्त त्याने मला पहिलं पान दाखवलं अन् अटी-शर्तीची पानं "ऑफिसला जमा आहेत" म्हणून ठेवून घेतली.

एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. नागपुरात रेल्वेची दोन डिव्हिजनं आहेत, एक मध्य रेल्वेचं अन् एक दक्षिण पूर्व मध्यचं. छोटी लाइन दुसऱ्याकडे येते. मी चौकशीला गेलो तो मध्यच्या ऑफिसात, दलालानेच तिकडे पाठवलं होतं, तिथे साहजिकच कोणाला काही माहीत नाही, तर हा म्हणे "सरकारी लोक, फाइल शोधायचा कंटाळा".

पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी झाली, चार लाख रोख अन् बाकी आरटीजीएस, एकूण अकरा लाख. रजिस्ट्रीचं विचारलं तर म्हणे रेल्वेच्या मालाची रजिस्ट्री नसते. माल हा शब्द तो सुरुवातीपासून वापरत होता बरं का.

मग मी कवेलू बदलले, खालच्या वाशांना वाळवी होती ते काढले, चुन्याच्या भिंतीला चुनाच लागतो म्हणून भिवापूरकडचा जुना मिस्त्री शोधून आणला, सिमेंट लावलं तर ओल आत अडकते अन् भिंत फुगते असं त्याचं म्हणणं, अन् त्याचं कामही सुंदर होतं. प्लॅटफॉर्मकडच्या ओसरीत ऑइलपेंट चालू असताना रेल्वेचे एक इंजिनीअर साहेब मोटरसायकलवर आले. थोडा वेळ पाहत उभे राहिले अन् म्हणाले,

"काकाजी, पाडायला घेतलं ना हे? मग रंग काऊन देऊन राहिले?"

त्यांच्या मोबाइलवर लिलावाचा पूर्ण कागद होता. विकला होता तो मलबा. म्हणजे विटा, कवेलू, लाकूड, लोखंड. घेणाऱ्याने इमारत स्वखर्चाने पाडायची, माल उचलायचा अन् जागा साफ करून मुदतीत रेल्वेला परत द्यायची. जमिनीचा एक इंचही त्यात नाही. नंतर वकील मॅडमनी सांगितलं की रेल्वेची जमीन द्यायची झाली तर भूमी विकास प्राधिकरण वगैरे जाहीर टेंडर काढून लीजवर देतं, कोणी दलाल खिशातून काढून देत नाही. अन् तिथे राहायला गेलो असतो तर १९७१ च्या सार्वजनिक जागांच्या कायद्याखाली संपदा अधिकाऱ्याची नोटीस आली असती ती माझ्याच नावाने, दलालाच्या नाही.

तर असं कोणी घेऊन आलं तर लिलावाच्या कागदावर नेमकं काय विकलं त्याचं वर्णन वाचा, सगळी पानं मागा, पान नाही तर पैसे नाही. मलबा, डिस्मँटलिंग, "जसं आहे तसं उचलणे" असं दिसलं की उठून या. जागेचा सातबारा नाहीतर आखीव पत्रिका स्वतः काढा, तिथे रेल्वेचं नाव असेल तर नोटरीचा कागद तुमच्या काही कामाचा नाही. शंभर रुपयांच्या वरची स्थावर मिळकत विकत घ्यायची तर रजिस्टर्ड दस्त लागतोच, मग समोरचा काही म्हणो. अन् चौकशी कोणत्या डिव्हिजनला करायची ते दलालाला विचारू नका.

ठाण्यात आधी "हा सिव्हिल मॅटर आहे" म्हणून परत पाठवलं, मग वकिलाच्या अर्जासोबत आरटीजीएसचा स्टेटमेंट अन् त्याचे व्हॉट्सॲप मेसेज जोडले तेव्हा फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. रोख दिलेल्या चार लाखांचा कागदच नाही, त्याचं काही होईल असं वकील मॅडमलाही वाटत नाही. स्टेशन मागच्या महिन्यात पाडलं. नवे कवेलू मलब्यात धरले गेले, अन् मलबा कागदोपत्री अजून त्याचाच असल्यामुळे तेही तोच ट्रकात भरून घेऊन गेला.

आता छिंदवाडा लाइनकडच्या एका जुन्या क्वार्टरचे फोटो फिरवून राहिला म्हणे. सावनेर, केळवदकडच्या लोकांनी लक्ष ठेवा.