माझदा आरएक्स-८ आर३, २००९चं मॉडेल: इंजिन गेलं म्हणाले, गेली होती कॉइल

न्यू जर्सीत सेकंडहँड घेतलेली ही गाडी काही महिने रोज चालवतोय. मध्यंतरी चढावर धक्के द्यायला लागली, चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला. जवळच्या गॅरेजवाल्याने कॉम्प्रेशन (इंजिनात हवा-पेट्रोलचं मिश्रण किती दाबलं जातं ते) मोजून सांगितलं, इंजिन संपलं, दुसरं बसवा. सांगितलेला खर्च गाडीच्या किमतीला भिडणारा.

त्या आकड्यापेक्षा त्याच्या मोजण्याचा मला जास्त राग आला. त्याने पिस्टन इंजिनाचा साधा गेज लावला होता. या गाडीचं इंजिन रोटरी, पिस्टनऐवजी त्यात दोन तिकोनी रोटर फिरतात. रोटरला तीन बाजू असतात आणि प्रत्येकीचं कॉम्प्रेशन वेगळं बघावं लागतं. साधा गेज ते दाखवतच नाही. शिवाय धडधाकट रोटरीचा आकडाही पिस्टनच्या हिशेबाने कमीच वाटतो. रोटरीचंच काम करणाऱ्या मेकॅनिककडे गाडी नेली. त्याच्या टेस्टरवर दोन्ही रोटरच्या सहाही बाजू व्यवस्थित निघाल्या. बिघडली होती एक इग्निशन कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी प्लगला वीज पुरवणारा भाग.

हे या गाडीत व्हायचंच. पिस्टन इंजिनात प्रत्येक सिलिंडर शाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, इथे प्रत्येक रोटर दर फेरीला पेटतो. वर ९००० आरपीएमपर्यंत पळवायचं म्हटल्यावर त्या चार कॉइल किती टिकणार? ब्रेक पॅडसारखा झिजणारा भाग समजूनच त्या बदलायच्या. ठिणगी चुकली की न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तोही महागडा भाग खराब होतो. म्हणून एकच कॉइल बदलून पैसे वाचवले नाहीत. चारही कॉइल, प्लग आणि वायरी एकदम बदलल्या. गाडी पुन्हा लोण्यासारखी फिरते.

ऑइलबद्दलचं माझं मत मात्र बदललं. दर थोड्या दिवसांनी ऑइल भरावं लागतं याचा आधी वैताग यायचा. पण रोटरच्या टोकांवरच्या ॲपेक्स सीलना वंगण मिळावं म्हणून हे इंजिन मुद्दामच थोडं ऑइल जाळतं. २००९च्या मॉडेलमध्ये प्रत्येक रोटरला ऑइल सोडणारे दोनाऐवजी तीन नोझल आले, तिसरा सीलच्या मधल्या भागासाठी. इंजिन वाचत असेल तर हा खर्च मी आनंदाने करीन. पेट्रोलचं तसं नाही. शहरात लिटरला सात किलोमीटरसुद्धा मिळत नाहीत, आणि ते मला दर वेळी टोचतं.

४.७७७चं फायनल ड्राइव्ह (चाकांआधीचं शेवटचं गिअर प्रमाण) दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये लगेच जाणवतं. बिल्स्टीनचे शॉक ॲब्सॉर्बर आणि १९ इंची चाकं खड्ड्यांत कडक लागतात, पण वळणावर गाडी अशी चिकटते की तक्रार विसरायला होते. रेकारोच्या सीट उत्तम.

घेणार असाल तर रोटरी टेस्टरवरचा सहाही बाजूंचा रिपोर्ट आणि कॉइल बदलल्याची पावती मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका.