समावेशित शिक्षणाची तालुका सेवा: तपासणी चांगली, फेऱ्या अपुऱ्या

सातारा किंवा सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत दिव्यांग मूल शिकत असेल, तर समग्र शिक्षा अभियानाची समावेशित शिक्षण सेवा, म्हणजे दिव्यांग मुलाला इतरांसोबत त्याच शाळेत शिकता यावं म्हणूनची मदत, त्याच्यासाठीच आहे. ती मिळते पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रातून. पाचपैकी तीन गुण देऊ. तपासणी शिबिराला चार, कारण डॉक्टर, ऑडिओलॉजिस्ट आणि साहित्याची मापं घेणारे एकाच दिवशी, एका ठिकाणी, मोफत भेटतात. पुढच्या पाठपुराव्याला मात्र दोनच.

पहिलं काम यू-डायस प्लसचं, म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीचं. मुलाची नोंद दिव्यांगत्वाच्या प्रकारासह झाली आहे का, हे मुख्याध्यापकांजवळ बसून स्क्रीनवरच बघा. ती राहिली तर मूल पुढच्या नियोजनात दिसतच नाही. दुसरं यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करताना आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव अक्षर न अक्षर जुळू द्या. मुलींना महिना 200 रुपये प्रोत्साहन भत्ता 10 महिने मिळतो, त्यासाठी बँक खातं आधारशी जोडलेलं हवं.

आता श्रवणयंत्राकडे बघू, कारण ही सेवा कुठे तुटते ते तिथे नेमकं कळतं. यंत्र कानामागे बसतं, पण आवाज आत पोचवतो तो कानात बसणारा साचा. मूल वाढतं, कान वाढतो, साचा सैल होतो. मग बाहेर निसटलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं. वर्गातली सगळी मुलं वळून बघतात. मूल यंत्र काढून दप्तरात टाकतं, आणि कागदावर शेरा पडतो, ‘विद्यार्थी यंत्र वापरत नाही’. यात मुलाचा काहीच दोष नाही, बदलायला हवा तो साचा. लहान वयात तो सहा महिन्यांतही बदलावा लागतो, तेव्हा पुढच्या शिबिराची वाट बघत बसू नका. यंत्राची झिंक-एअर, म्हणजे हवा लागल्यावर चालू होणारी बॅटरी साधारण आठवडा ते दोन आठवडे टिकते. स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मगच बसवा. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या पावसाळ्यात यंत्र आणि साचा जोडणाऱ्या नळीत पाण्याचे थेंब धरतात. रात्री बॅटरी काढून यंत्र सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा.

साचा आणि बॅटरी हा वारंवारचा खर्च, यंत्र अधूनमधून मिळणारं. समग्र शिक्षाच्या निकषात एका मुलामागे वर्षाला 3,500 रुपयांपर्यंत तरतूद आहे. योजनेत केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. राज्याचा पैसा आहे म्हणजे विधिमंडळात त्यावर प्रश्न विचारता येतो. आमदारांनी साहित्य किती वाटलं एवढंच विचारून थांबू नये. वाटलेली यंत्रं सहा महिन्यांनी किती चालू आहेत आणि दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या विशेष शिक्षकाच्या प्रत्येक शाळेत किती फेऱ्या झाल्या, हे तालुकावार मागावं.

फेऱ्यांचा हिशेब सोपा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या निकालानंतर प्राथमिकला 10 आणि उच्च प्राथमिकला 15 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण ठरलं. प्रत्यक्षात हा शिक्षक फिरतीवर असतो. त्याच्याकडे 12 शाळा धरा. रोज एक शाळा केली तरी त्याच शाळेत परत यायला दोन आठवडे लागतात. त्यात बैठका, माहिती भरणं, आणि माण किंवा जतसारख्या तालुक्यातली अंतरं. माणसं मनापासून राबतात, पण दिवस पुरत नाहीत.

म्हणून विशेष शिक्षकाची फेरी वाया जाऊ देऊ नका. वैयक्तिक शिक्षण योजना लिहून मागा, त्यावर तारीख हवी. ‘गणितात सुधारणा’ असं उद्दिष्ट स्वीकारू नका. ‘तीन महिन्यांत 20 पर्यंत वस्तू मोजेल’ असं असलं की वर्गशिक्षकालाही रोजचं काम कळतं. व्हीलचेअर वाटपाच्या दिवशी मुलाला तिथेच बसवून बघा, मापं घेतल्यापासून ते वाढलेलं असतं. पाय पायटेकणीवर टेकत नसतील तर मूल पुढे घसरत राहतं. शाळेचा रॅम्पही टेपने मोजा. उतार 1:12 हवा, म्हणजे 30 सेंटीमीटर उंचीच्या ओट्याला 3.6 मीटर लांबी. त्याहून आखूड असेल तर मूल एकट्याने चढू शकत नाही.

दहावीच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जातो. लेखनिक आणि तासाला 20 मिनिटं जादा वेळ हवा असेल, तर दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची तयारी नववीतच सुरू करा.