कोपराचा पट्टा: कामाचा, पण एकटा पुरेसा नाही

शिवणकाम हा माझा धंदा. दिवसभर कात्री चालवून उजव्या कोपराची बाहेरची बाजू अशी धरली की भरलेली बाटलीही उचलवेना. फिजिओने टेनिस एल्बो असल्याचं सांगितलं. टेनिसची रॅकेट मी आयुष्यात हातात धरलेली नाही! हा वेल्क्रोचा पट्टा तिनेच सुचवला.

पट्टा चांगला आहे, पण खोक्यावरचं चित्र दिशाभूल करतं. त्यात तो थेट कोपराच्या हाडावर बांधलाय. खरी जागा त्याच्या दोन-तीन बोटं खाली, मनगट मागे वळवल्यावर स्नायू फुगतो तिथे. तिथे दाब आला की कात्री धरताना कळ कमी जाणवते. फार आवळला तर बोटांना मुंग्या येतात, तेव्हा सैल करा. झोपताना काढूनच ठेवा. घामाने खाज सुटते, वेल्क्रोला दोरे चिकटतात. माझ्या धंद्यात तर विचारूच नका.

खरा उतार पडला तो व्यायामाने. हात टेबलावर टेकवून, तळवा खाली, मुठीत हलकं वजन. दुसऱ्या हाताने मनगट वर न्यायचं आणि अगदी सावकाश खाली सोडायचं. थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी ठणका वाढला तर वजन कमी करायचं. पिशवी उचलताना तळवा वरच्या बाजूला. फरक पडायला महिने लागतात. पडून मार लागला असेल, कोपर सुजलं असेल किंवा हात बधिर होत असेल तर मात्र पट्ट्याच्या नादी न लागता डॉक्टर गाठा.

पाचपैकी चार तारे. एक त्या चित्रापायी कापला.