एकट्याचा कौल: मिथिक आणि आयर्नस्वॉर्नसोबतचे आठ महिने

आमचा चौघांचा खेळ शिफ्टमुळं बंद पडला. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कास्टिंग तपासतो. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाईट. दोघं मित्र पुण्याला गेले, तिसऱ्याला रविवारी दुकान असतं. राजारामपुरीतल्या गच्चीवर आम्ही तीन वर्षं डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळलो, प्रत्येकानं एक पात्र घेऊन फासे टाकत गोष्ट पुढं न्यायची असा रोल-प्लेइंग गेम, आणि त्यातली बहुतेक वेळ गेम मास्टर मीच होतो. म्हणजे जग मी उभं करायचं आणि त्यात हिंडायचं बाकीच्यांनी. गेल्या जूनमध्ये ठरवलं, आता एकट्यानं खेळून बघायचं. आज फेब्रुवारी संपत आलाय, दोनशे पानी वही भरून दुसरी सुरू आहे, म्हणून हे लिहायला बसलोय.

एकट्यानं रोल-प्लेइंग गेम खेळणं म्हणजे ग्रुप नसल्यावरची तडजोड, असं मलाही वाटायचं. तसं ते नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आला आणि १९७६ मध्येच टनेल्स अँड ट्रोल्स या दुसऱ्या खेळासाठी बफेलो कॅसल नावाचं एकट्यानं खेळायचं साहस छापलं गेलं होतं. पण त्यात वाटा आधीच लिहिलेल्या असायच्या: डावीकडं गेलात तर अमुक परिच्छेद, उजवीकडं गेलात तर तमुक. मी ज्याबद्दल सांगतोय त्यात काहीच लिहिलेलं नसतं. गोष्ट पुढं सरकते ती प्रश्न विचारून. गेम मास्टरला विचारतो तसा प्रश्न तुम्ही फाशांना विचारता, फासे हो किंवा नाही सांगतात, आणि त्या उत्तराचा अर्थ तुम्ही लावता. इंग्रजीत याला ओरॅकल म्हणतात. मी कौल म्हणतो.

हा शब्द मी उगाच घेतलेला नाही. माझी आजी गावाकडं देवाला कौल लावायची. मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लहानपणी मी एकदा तिला सांगितलं, "आजी, पाऊस कधी येणार आणि बैल घ्यायचा का, दोन्ही विचार." ती म्हणाली, "असं इचारत न्हाईत बाळा. एकच इचारायचं, आणि सरळ इचारायचं. आन् मिळालं ते घ्यायचं." एकट्यानं खेळायचं सगळं तंत्र या तीन वाक्यांत आहे, पण ते मला कळायला चार महिने गेले.

सुरुवात मिथिकनं केली. ताना पिजन यांचं मिथिक गेम मास्टर एम्युलेटर, दुसरी आवृत्ती, पीडीएफ विकत घेतली. मिथिक हा स्वतःचा खेळ घेऊन येत नाही, तुम्ही खेळत असलेल्या कुठल्याही खेळावर तो गेम मास्टर म्हणून बसवायचा. मी तो आमच्या जुन्या डंजन्स अँड ड्रॅगन्सवर बसवला. त्यातला मुख्य आकडा म्हणजे केऑस फॅक्टर, गोंधळाचं माप, १ ते ९, सुरुवात ५ वर. प्रसंग तुमच्या हाताबाहेर गेला की एकनं वाढवायचा, हातात राहिला की एकनं कमी करायचा. नवा प्रसंग सुरू करताना आधी ठरवायचं की काय होणार, मग दहाबाजूंचा फासा टाकायचा. आकडा केऑसपेक्षा मोठा आला तर ठरवलं तसंच. तेवढाच किंवा लहान आला आणि विषम असला तर प्रसंग बदलून येतो, सम असला तर भलताच प्रसंग मध्ये घुसतो.

ही कल्पना फार चांगली आहे आणि आजही मी ती वापरतो. पण तिचा एक स्वभाव ओळखून असावं. जुलैत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या, म्हणजे इशारा पातळीच्या पुढं गेली आणि मी तीन दिवस घरीच अडकलो. रोज सात-आठ तास खेळलो. माझं पात्र हरत गेलं तसा केऑस वाढत ८ वर गेला. ८ वर म्हणजे दहापैकी आठ वेळा प्रसंग बदलणार. शिवाय प्रश्नांना होकार जास्त मिळतो, आणि प्रश्नाच्या फाशांवर ११, २२, ३३ असे जोडआकडे आले आणि तो अंक केऑसएवढा किंवा लहान असला की अवचित घटना घडते. ५ वर शंभरात पाच वेळा, ८ वर शंभरात आठ वेळा. प्रश्न मी भरपूर विचारत होतो, त्यामुळं घटनाही भरपूर आल्या. तिसऱ्या दिवशी माझ्या यादीत एकवीस पात्रं आणि गोष्टीचे चौदा अर्धवट धागे होते. आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "काय लिहायलायस रे एवढं? परीक्षा हाय व्हय?" त्या तीन दिवसांत मी गोष्ट खेळत नव्हतो, यादी सांभाळत होतो. नंतर मी नियम केला: पात्रं जास्तीत जास्त आठ, धागे जास्तीत जास्त चार. नवा घ्यायचा असेल तर जुना खोडायचा. त्यानंतर मिथिक सुधारला. पण डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या लढाया मुळात तीन-चार जणांच्या गटाचा विचार करून मांडलेल्या, एकट्या पात्राला त्या सोसत नाहीत. दर वेळी शत्रू निम्मे करत बसायचा मला कंटाळा आला.

सप्टेंबरमध्ये आयर्नस्वॉर्नकडं आलो. शॉन टॉमकिन यांचा हा खेळ २०१८ चा. मूळ नियमपुस्तकाची पीडीएफ त्यांनी स्वतः फुकट दिलेली आहे, आणि खेळ एकट्यासाठी, गेम मास्टरशिवाय दोघा-तिघांसाठी किंवा नेहमीसारखा, तिन्ही पद्धतींनी चालतो. माझ्या आठ महिन्यांतली सगळ्यात चांगली गोष्ट हीच.

फासे साधे. एक सहाबाजूंचा, दोन दहाबाजूंचे. सहाच्या फाशात तुमचा गुण मिळवायचा आणि ती बेरीज दोन्ही दहाच्या फाशांशी ताडून बघायची. दोन्हींपेक्षा मोठी आली तर पक्कं यश, एकाच फाशापेक्षा मोठी आली तर कच्चं यश, एकाहीपेक्षा मोठी नसली तर फसलं. बरोबरीत फासा जिंकतो. पाच गुणांना मी मराठी नावं दिली: चपळाई, काळीज, पोलाद, सावली, अक्कल. एकाला ३, दोघांना २, दोघांना १. रोज मापं घेणारा माणूस मी, हिशोब केल्याशिवाय राहवलं नाही. गुण २ असेल तर पक्कं यश सुमारे २३ टक्के, कच्चं ४४ टक्के, फसण्याची शक्यता ३३ टक्के. म्हणजे सगळ्यात जास्त वेळा येतं ते कच्चं यश: काम झालं, पण काहीतरी गेलं. नदी पार झाली, पण शिधा भिजला. या "पण" मधून पुढचा प्रसंग आपोआप निघतो. ग्रुपमध्ये हा "पण" मला रात्री जागून शोधायला लागायचा.

या खेळात सगळं शपथेभोवती फिरतं. मूळ खेळात लोखंडाला हात लावून शपथ घेतात. मी तिथं बेलभंडार उचलायला लावला. हात ठेवायला लोखंड आपल्याकडंही चाललं असतं, पण बेलभंडार उचललेला माणूस शब्द फिरवत नाही हे मला कुणी समजावून सांगायला लागत नाही. मूळ खेळातली बर्फाळ आयर्नलँड्स सोडून मी जग इथलंच घेतलं: घाटमाथा, खाली कोकण, मध्ये धुकं, एक किल्ला. किल्ला पन्हाळ्यावरून बेतलाय. ऑक्टोबरमध्ये मुद्दाम जाऊन आलो. तीन दरवाजा, गंगा-यमुना-सरस्वतीची धान्याची कोठारं आणि तीन मजली अंधारबाव, भिंतीत शिपायांना उभं राहायला कोनाडे असलेली, हे सगळं वहीत काढून आणलं. एक पथ्य मात्र पाळलं. १६६० चा वेढा आणि त्यातली माणसं मी खेळात आणली नाहीत. त्यांनी जे केलं ते झालेलं आहे, त्याचा निकाल माझ्या फाशांनी लावायचा हे मला पटत नाही. माझा किल्ला बिननावाचा आहे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय तो भाग.

माझं पात्र सखू. घाटातल्या वाडीची, चपळाई ३, काळीज २, अक्कल २. तिचा भाऊ मिठाचे बैल घेऊन घाट उतरला आणि परत आला नाही. त्याला परत आणायची तिची शपथ. मी जुना गेम मास्टर, त्यामुळं पहिला डाव टाकण्याआधीच चाळीस पानं लिहून काढली. भावाला घाटातल्या लुटारूंनी धरलंय, त्यांचा म्होरक्या कोण, त्याचा तळ कुठं, त्याच्या गळ्यातल्या ताईतात काय, सगळं तयार. चार सेशन सखूला मी त्या तळाकडं हाकत नेत होतो. फासे टाकत होतो, पण उत्तर नको तसं आलं की प्रश्न थोडा बदलून परत विचारत होतो. "पहारेकरी जागा आहे का?" हो. "बरं, पण पुरता जागा आहे का?" हे मी केलं, एकदा नाही, दहा-बारा वेळा केलं. खेळ बेचव झाला होता आणि दोष मी खेळाला देत होतो.

पाचव्या सेशनला सखू तळावर पोचली. मी विचारलं: भाऊ इथं बंदिवान आहे का? शक्यता मी धरली जास्त. आयर्नस्वॉर्नमध्ये "शक्यता जास्त" असेल तर शंभराच्या फाशावर २६ किंवा जास्त आला की होकार. आला १७. नाही.

नाईट शिफ्टहून आलो होतो, सकाळचे साडेआठ वाजले होते. फासा परत उचललासुद्धा. मग आजीचं ते तिसरं वाक्य आठवलं. फासा खाली ठेवला आणि खेळातल्या शब्दांच्या दोन तक्त्यांवर टाकला, एकात क्रिया, दुसऱ्यात विषय. क्रिया आली "सोडून देणे". विषय आला "कर्ज".

भावाला कुणी धरलंच नव्हतं. तो पळाला होता. सावकाराचं देणं अंगावर घेऊन, बैल विकून, बहिणीला न सांगता. मी बराच वेळ ते दोन शब्द बघत बसलो. चाळीस पानांत कुठंही नसलेली ही गोष्ट त्या सगळ्या पानांपेक्षा खरी होती, आणि सखूला ती माझ्याबरोबरच, त्याच क्षणी कळली होती. तीन वर्षं मी मित्रांच्या चेहऱ्यावर जे बघत आलो होतो, ते पहिल्यांदा माझ्या वाट्याला आलं.

तेव्हापासून माझी तयारी एक पान असते आणि त्यावर उत्तरं नसतात, प्रश्न असतात. सहा ते आठ. सावकाराला भाऊ कुठं आहे ते माहीत आहे का? वाडीत कुणाला आधीपासून माहीत होतं? वहिनी खोटं बोलतेय का? प्रत्येक प्रश्न असा हवा की "हो" आलं तरी पुढं जाता येईल आणि "नाही" आलं तरी. एका उत्तरानं गोष्ट थांबत असेल तर तो प्रश्न विचारायचाच नाही, ते आपण ठरवून टाकायचं. आणि शक्यता फासा टाकायच्या आधी वहीत लिहायची, नंतर नाही. ही शेवटची सवय लागली आणि परत परत विचारणं आपोआप सुटलं.

आयर्नस्वॉर्नच्या तक्रारीही आहेत. प्रवासाचे नियम चौथ्या-पाचव्या प्रवासानंतर रटाळ होतात, प्रत्येक टप्प्यावर तोच डाव. मी आता दोन दिवसांच्या आतला प्रवास खेळतच नाही, एका ओळीत उरकतो. मोमेंटमचा, म्हणजे पात्राच्या जोराचा आकडा उणे ६ ते १० असा सतत वरखाली करावा लागतो आणि थकून आलेल्या दिवशी तो हमखास विसरतो, त्यासाठी वहीच्या कडेला पेपर क्लिप लावून सरकवत नेतो. फसल्यावर "किंमत मोजा" असं खेळ सांगतो, पण काय मोजायचं ते बहुतेक वेळा तुम्हीच शोधायचं. डोकं शिणलं असेल तर ते जड जातं, त्या दिवशी खेळू नये. सगळं इंग्रजीत आहे. मी महत्त्वाचे डाव मराठीत लिहून त्याची झेरॉक्स पुठ्ठ्यावर चिकटवली, त्यात एक रविवार गेला आणि तो सत्कारणी लागला. आणि माणसांची उणीव भासते ती भासतेच. सखूला भावाचं कळलं तेव्हा ते सांगायला समोर कुणी नव्हतं. रात्री पुण्याच्या मित्राला फोन करून तासभर सांगितलं.

फाशांबद्दल: दहाबाजूंचे फासे मला महाद्वार रोडला मिळाले नाहीत, ऑनलाइन मागवले. ते येईपर्यंत पत्त्यांवर चालवलं. एक्क्यापासून दहापर्यंत इस्पिकची दहा पानं आणि बदामची दहा, दोन वेगळ्या गड्ड्या, प्रत्येकीतून एक ओढायचं आणि दर वेळी परत मिसळायचं. शंभराचा आकडा हवा असेल तर इस्पिक दशक, बदाम एकक, दहाचं पान म्हणजे शून्य, आणि दोन्हीकडं दहा आले तर शंभर. एक पैसा खर्च न करता सुरुवात करायची असेल तर फुकटची पीडीएफ, पत्ते, घरातला साधा सहाबाजूंचा फासा आणि वही एवढं पुरतं. ज्यांना लढाई आणि हत्यारांचे बारकावे आवडतात त्यांना आयर्नस्वॉर्न पातळ वाटेल, त्यांनी आपल्या आवडीच्या खेळावर मिथिक बसवावा. ज्यांना लिहायचाच कंटाळा आहे त्यांनी दोन्ही घेऊ नयेत.

शपथ कितपत पुढं सरकली ते दहा चौकोन भरत मोजायचं, सखूचे त्यातले सात भरलेत. शपथ पुरी झाली का ते बघताना सहाचा फासा नसतो, भरलेले चौकोन थेट दोन दहाच्या फाशांशी ताडायचे. सातवर टाकलं तर पक्कं यश ३६ टक्के, फसण्याची शक्यता १६. आठवर थांबून टाकलं तर ४९ आणि ९. पण आठवा चौकोन भरायचा तर तिला सावकाराच्या वाड्यात शिरावं लागेल, आणि तिचा शिधा संपत आलाय. या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे, सकाळ मोकळी. उद्याच्या पानावर पहिला प्रश्न लिहून ठेवलाय: घाटाखालच्या खोपटात जो दिवा दिसतोय, तो भावाचा आहे का? शक्यता कमी.