स्क्रिप्टची हेल्प कशात लिहावी: डॉकऑप्ट की आर्गपार्स?

पायथनची स्क्रिप्ट दुसऱ्याच्या हातात द्यायची म्हटलं की तिच्या नावापुढे टाइप करायचे ऑप्शन्स आणि त्यांची हेल्प, म्हणजे माहिती, कुठे लिहून ठेवायची हा प्रश्न येतोच. डॉकऑप्ट आणि आर्गपार्स या त्यासाठीच्या दोन पायथन लायब्ररी, मी दोन्ही वापरल्यात.

डॉकऑप्ट मला अजूनही आवडतं, कारण त्यात हेल्पचा मजकूर हाच पार्सर (टाइप केलेल्याचा अर्थ लावणारा भाग), वर डॉकस्ट्रिंगमधे, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या वर्णनात, यूसेज (स्क्रिप्ट कशी चालवायची ते) लिहिलं की झालं, काही दिलं नाही तर धरायची डीफॉल्ट व्हॅल्यूसुद्धा तिथेच, म्हणजे हेल्प एक सांगतेय आणि कोड भलतंच करतोय असं होत नाही. वाचायलाही छान.

पण इथे इंदूरला सियागंजातल्या एका घाऊक दुकानासाठी मी बिलांची स्क्रिप्ट करून दिली होती, चालवतात तिथले हिशेबाचे काका. ऐन दिवाळीच्या तोंडावर मी हेल्पमधली एक ओळ नीट करायला घेतली आणि --ड्राय-रन (खरं काही न बदलता नुसती चाचणी) हा ऑप्शन व त्याचं वर्णन यांच्यामधल्या दोन स्पेसपैकी एक उडाली. डॉकऑप्टला तिथे कमीत कमी दोन लागतात, एकच असली तर वर्णनातला शब्द म्हणजे या ऑप्शनची व्हॅल्यू असं ते धरतं. झालं, --ड्राय-रनच्या पुढे लिहिलेलं फाइलचं नाव ते गिळायला लागलं, मग फाइल दिलीच नाही म्हणून नुसतं यूसेज छापून बंद, का बंद ते काहीच नाही. काकांचा फोन, "अरे, काल चालत होती, मी तेच टाइप करतोय." आणि ते खरंच तेच टाइप करत होते! तासभर मी कोड तपासत बसलो, चूक निघाली मजकुरात.

आर्गपार्समधे टायपिंग जास्त हे मान्य. प्रत्येक ऑप्शनची हेल्प त्याच्या त्याच्या ओळीत, त्यामुळे सगळं एका नजरेत दिसत नाही. हेल्पमधे 18% जीएसटी लिहिलं तर एरर येते, %% करावं लागतं. पण वर्णनात स्पेस किती आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही, आणि काय राहिलं किंवा आकड्याच्या जागी कुठे अक्षर पडलं ते नाव घेऊन सांगतं. शिवाय 2.7 आणि 3.2 पासून पायथनसोबतच येतं, दुकानातल्या कॉम्प्युटरवर पिपने वेगळं इन्स्टॉल करायची खटपट नको. डॉकऑप्टचं तर शेवटचं व्हर्जन, 0.6.2, हेच 2014 चं आहे.

एकट्यापुरती छोटी स्क्रिप्ट असेल तर डॉकऑप्ट खुशाल घ्या. दुसऱ्याला द्यायची असेल तर, निदान माझ्या अनुभवावरून तरी, आर्गपार्स बरं. काकांची स्क्रिप्ट मी बदलून दिली. परवा पुन्हा फोन आला, एररची ओळ त्यांनी मला वाचून दाखवली आणि वाचता वाचताच म्हणाले, "थांब, फाइलचं नाव राहिलं वाटतं."